रत्नागिरीसमोर काय शिजतंय? अरबी समुद्रातली सिस्टीम, मे २०२५

ढगवेडा_कोथरूड | २० मे, रात्री ९:४०

लोकहो, धागा काढायची वेळ आली. कर्नाटक किनाऱ्यासमोर, पूर्वमध्य अरबी समुद्रावर चक्राकार वारे तयार होण्याच्या बेतात आहेत. २२ तारखेच्या आसपास तिथे कमी दाबाचं क्षेत्र होईल आणि ते उत्तरेकडे सरकत आणखी तीव्र होईल, असं हवामान विभागाचं म्हणणं आहे. आज अधिकृत आहे ते एवढंच.

बाकी जे फिरतंय त्याचं आत्ताच उरकून घेऊ. 'शक्ती चक्रीवादळ मुंबईवर धडकणार' हा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला. शक्ती हे यादीतलं पुढचं नाव आहे, श्रीलंकेनं दिलेलं. पण नाव लागतं ते वारे ताशी ६२ किलोमीटरला पोचल्यावर, आणि ते लावतं दिल्लीचं केंद्र. आधी कमी दाब, मग ठळक कमी दाब, मग डिप्रेशन (ताशी ३१ ते ४९), मग डीप डिप्रेशन (५० ते ६१), आणि मग कुठे चक्रीवादळ. समुद्रात अजून पहिली पायरीसुद्धा नाही आणि इथे बारसं उरकलंय.

नेहमीचं सांगणं: नकाशा टाकाल तर मॉडेल (संगणकावर अंदाज काढणारी प्रणाली) कोणतं आणि रन (त्या मॉडेलचं एकेका वेळचं गणित) कितीचा ते लिहा. वेळ यूटीसीमध्ये असेल तर साडेपाच तास मिळवून टाका. नुसतं 'विंडी ॲपवर लाल दिसतंय' याला प्रतिसाद मिळणार नाही.

सूस_खिंड | २० मे, रात्री १०:०५

विंडीवर लाल दिसतंय. (पळतो.)

बरं, आता नीट. जीएफएस हे अमेरिकन मॉडेल वादळ करतंय आणि वर गुजरातकडे नेतंय. युरोपियन मॉडेल मात्र किनाऱ्याला चिकटून एक ढिसाळ कमी दाब ठेवतंय आणि कोकणात उतरवतंय. दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. समुद्राचं तापमान तर ३० अंशांच्या घरात, वादळाला २६.५ पुरतं. इंधन भरपूर आहे, त्यामुळे मी सध्या जीएफएसच्या बाजूला.

जुना_निरीक्षक | २० मे, रात्री १०:५०

इंधन दरवर्षी मे महिन्यात भरपूर असतं, वादळ दरवर्षी होत नाही. पाण्याच्या तापमानावर पैज लावू नये.

मेच्या शेवटी अरबी समुद्रात खाली पश्चिमेचे वारे जोर धरतात आणि वर, बारा-चौदा किलोमीटरवर, पूर्वेचे. या दोन थरांतला फरक वाढला की ढगांचा खांब सरळ उभा राहत नाही; कारखान्याची उभी चिमणी कोणी माथ्याला धरून ढकलावी तसा कलतो. खालचं केंद्र एकीकडे, पाऊस देणारे ढग दुसरीकडे. केंद्राच्या डोक्यावर ढग टिकले नाहीत तर तिथला दाब आणखी घटत नाही, आणि वादळ होत नाही. म्हणून सूसकर, तापमानाचा नकाशा बाजूला ठेवा आणि विंड शिअरचा, म्हणजे या दोन थरांतल्या वाऱ्याच्या फरकाचा, लावा.

जीएफएसला मे-जूनमध्ये अरबी समुद्रात वादळं दिसायची खोड जुनी आहे, हे या धाग्यावरच्या जुन्या मंडळींना सांगायला नको.

मिनूची_आई | २१ मे, सकाळी ७:२०

नमस्कार, मी फक्त वाचक. शनिवारी संध्याकाळी सासऱ्यांची पंचाहत्तरी आहे, सिंहगड रोडला, गच्चीवर मांडव घालून. केटररला आज कळवायचंय. पाऊस पडणार का हो? साध्या भाषेत सांगा, चिमणी वगैरे नको.

ढगवेडा_कोथरूड | २१ मे, सकाळी ७:४५

हॉल बघा.

मिनूची_आई | २१ मे, सकाळी ७:४८

इतकं ठाम? वर तर तुमचंच भांडण चाललंय की वादळ होणार की नाही.

ढगवेडा_कोथरूड | २१ मे, सकाळी ८:१०

ताई, भांडण वाऱ्याच्या वेगावर आहे, पावसावर नाही. ते गुजरातला जावो, रत्नागिरीला उतरो की समुद्रातच विरो, येते चार-पाच दिवस अरबी समुद्रावरून बाष्प आत येणार याबद्दल सगळ्या मॉडेल्सचं एकमत आहे. बाष्प आलं की मेमधली पुण्याची दुपार ते सुकं जाऊ देत नाही. शनिवारी सहा वाजताच पडेल असं कोणी सांगू शकणार नाही, पण पंचाहत्तरीच्या माणसाला ओल्या जिन्यावरून खाली आणायची वेळ येऊ नये, एवढंच.

पाटसचा_पाव्हणा | २१ मे, दुपारी १:३०

राम राम मंडळी. दौंडकडचा आहे. उन्हाळी कांदा काढून पातीखाली वाळत पडलाय, अजून निम्म्याची पात कापायची आहे. वखारीत ओला भरला तर सडतो, रानात ठेवला तर भिजतो. वादळाशी मला घेणं नाही, पण माझ्याकडं पाऊस कवा आणि किती, कोणी सांगंल का? इकडं लोक म्हणत्यात वादळ कोकणात, आपल्याला काय.

जुना_निरीक्षक | २१ मे, दुपारी २:१५

पाव्हणं, कोकणात उतरलं तरी ते तिथेच बसून राहत नाही. जमिनीवर आलं की वारे मंदावतात, पण कमी दाब पूर्वेकडे सरकत राहतो आणि पाऊस बरोबर नेतो. तो सोलापूर-मराठवाड्याच्या अंगाने गेला तर दौंड, बारामती, इंदापूर वाटेतच आहेत. तुमच्यासाठी शुक्रवारपेक्षा शनिवार-रविवार जास्त जोखमीचा दिसतो.

उद्या-परवाकडे जेवढा वाळेल तेवढा आत घ्या. राहील त्याचा उंचवट्यावर ढीग करा, वर ताडपत्री, आणि भोवतीनं चर काढा. कांदा वरून येणाऱ्या पाण्यापेक्षा खालून शिरणाऱ्या पाण्यानं जास्त जातो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. आणि तालुक्याचा कृषी हवामान सल्ला रोज बघत चला. वादळाचं बुलेटिन दिल्लीहून निघतं, पण शेतीच्या सल्ल्याचं मुख्य काम आपल्या पुण्यातच, शिवाजीनगरला चालतं.

पारा_पडला | २२ मे, दुपारी ४:०५

तातडीचं!! मोबाइलमधला बॅरोमीटर सकाळपासून बघतोय. दहा वाजल्यापासून आत्तापर्यंत तीन मिलीबारच्या वर पडला आहे. आणि आकडा ९४४! विकीवर बघितलं, ९४४ म्हणजे अतितीव्र वादळाचं केंद्र! मी कर्वेनगरला आहे. काहीतरी गडबड आहे का?

सूस_खिंड | २२ मे, दुपारी ४:०९

अभिनंदन, वादळाचा डोळा कर्वे पुतळ्यावर.

जुना_निरीक्षक | २२ मे, दुपारी ४:३०

सूसकर, थट्टा पुरे. प्रश्न चांगला आहे.

पहिलं, ९४४. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. इतक्या उंचीवर दर आठ-नऊ मीटरला एक मिलीबार कमी होतो, म्हणजे साठेक मिलीबार नुसत्या उंचीचे. ते मिळवले की तुमचा दाब १००४-५ च्या आसपास येतो. मेच्या शेवटी हे रोजचंच आहे. बातम्यांतले आकडे नेहमी समुद्रसपाटीला आणलेले असतात, मोबाइल मात्र तुम्ही उभे आहात तिथला दाखवतो. चौथ्या मजल्यावर गेलात तर आणखी एक-दीड मिलीबार पडेल, लिफ्टमध्ये करून बघा.

दुसरं, तीनची घसरण. आपल्याकडे हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. सूर्याच्या उष्णतेनं साऱ्या वातावरणाला बसणारा हा झोका आहे, समुद्रात वादळ असो वा नसो. विषुववृत्ताकडे तो मोठा, युरोपात इतका बारीक की तिकडच्या पुस्तकांत वाचून इकडे बॅरोमीटर लावणारा माणूस रोज चार वाजता घाबरतो.

तेव्हा दहाची चारशी तुलना करायची नाही. आज चारची काल चारशी करायची. काल चारला किती होता?

पारा_पडला | २२ मे, दुपारी ४:४१

नोंद ठेवली आहे काका. काल चारला आजच्यापेक्षा एकाने जास्त होता.

जुना_निरीक्षक | २२ मे, दुपारी ४:४४

मग ही खरी बातमी. तीन सोडा, हा एक लिहून ठेवा. उद्या परत चारला.

ढगवेडा_कोथरूड | २२ मे, संध्याकाळी ७:३०

कमी दाबाचं क्षेत्र झालं, दक्षिण कोकण-गोव्यासमोर. आता पायरी पहिली.

'निसर्ग'सारखं होणार का असं तीन-चार जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलंय, इथेच लिहितो. ३ जून २०२० ला निसर्ग श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात आलं तेव्हा वारे ताशी ११० च्या आसपास होते. मावळात पॉलिहाऊस फाटली, पुण्यात झाडं पडून कित्येक भाग अंधारात. पण निसर्ग किनाऱ्यापासून लांब, मोकळ्या पाण्यात वाढलं होतं आणि मग वळून आत आलं. हे किनाऱ्याला घासून बसलंय. याचं अर्धं अंग जमिनीवर आहे, तिथून सह्याद्री आडवा. वाढायला समुद्र लागतो आणि तोच याच्याकडे नाही. ते आणखी पश्चिमेला सरकलं असतं तर माझी झोप उडाली असती.

उलट बाजूही सांगतो. मे २०२१ चं 'तौक्ते' मुंबईला बाजूने घासून थेट गुजरातला गेलं, तरी मुंबईसमोर बुडालेल्या पी-३०५ बार्जवरची (तेलक्षेत्रातल्या कामगारांच्या तरंगत्या मुक्कामावरची) माणसं आपल्याच समुद्रात प्राणाला मुकली. २०१९ चं 'वायू' गुजरातच्या दारातून परत फिरलं. त्यामुळे ट्रॅकची एकच रेघ दाखवून कोणी 'फायनल' म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. एन्सेम्बलच्या, म्हणजे एकच मॉडेल थोड्या-थोड्या फरकाने अनेकदा चालवून आलेल्या, सगळ्या रेघा बघा. आज त्या रत्नागिरी ते अलिबाग अशा पसरल्यात, समुद्रात लांब जाणाऱ्या फार थोड्या उरल्या.

सूस_खिंड | २३ मे, सकाळी ९:००

ठळक कमी दाब झालाय, डिप्रेशन होईल म्हणतात. जीएफएस पण आता युरोपियनच्या जवळ येऊन बसलं. पण उपग्रहाच्या चित्रात ढगांचा मोठा गोळा केंद्राच्या नैऋत्येला पडलाय, केंद्र जवळजवळ उघडं. काकांची चिमणी दिसली.

मिनूची_आई | २३ मे, सकाळी ११:१०

हॉल मिळाला, वडगावला. गच्चीचा मांडववाला ॲडव्हान्स परत देत नाहीये, तो विषय वेगळा. सासरे म्हणतात, पाऊस नाही पडला तर तुमच्या त्या ढगवेड्याला जेवायला बोलव आणि बिल दे.

हर्णे_बंदर | २३ मे, संध्याकाळी ६:२०

बंदरावर तीन नंबरचा, खराब हवेच्या इशाऱ्याचा, बावटा लागलाय. बहुतेक होड्या आंजर्ल्याच्या खाडीत घेतल्या, उरलेल्या ओढून वर. १ जूनपासून मासेमारी बंदच व्हायची होती, शेवटचा आठवडा गेला म्हणायचा. वारा जमिनीकडून, पूर्वेचा, दमट. समुद्र मात्र फुगलेला, लाटा लांब लांब आणि जड. सड्यावर ढग इतके खाली की सुवर्णदुर्ग अधूनमधून दिसेनासा होतोय. हापूस संपत आलाच होता, राहिलेला उद्या झाडाखाली मिळेल.

जुना_निरीक्षक | २३ मे, रात्री ८:००

हर्णेकर, वाऱ्याची दिशा लिहिलीत, फार बरं केलंत. पूर्वेचा आहे म्हणजे केंद्र तुमच्या दक्षिणेला. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की आपल्या गोलार्धात कमी दाब डाव्या हाताला येतो. उद्या तो उत्तरेचा होत वायव्येला गेला तर केंद्र तुमच्या खालून आत गेलं. दर दोन-तीन तासांनी फक्त दिशा टाकत जा. घराबाहेर पडू नका, खिडकीतून माडाच्या झावळ्या बघितल्या तरी चालेल.

हर्णे_बंदर | २४ मे, सकाळी १०:४०

रात्रभर पाऊस. वीज पहाटेच गेली. झावळ्या ईशान्येकडून वाकतायत. बॅटरी वाचवतोय.

ढगवेडा_कोथरूड | २४ मे, सकाळी १०:५५

डिप्रेशन झालं. साडेआठच्या स्थितीप्रमाणे रत्नागिरीच्या वायव्येला ४० किलोमीटर. म्हणजे उंबऱ्यात.

आणि दुसरी बातमी, जी एरवी पहिली असती: मान्सून आज केरळात दाखल. २००९ नंतर इतक्या लवकर कधीच नव्हता, त्या वर्षी २३ मे होती. मान्सूनच्या तोंडावर अरबी समुद्रात असा भोवरा होणं नवीन नाही. पण २०२३ च्या 'बिपरजॉय'सारखा तो लांब समुद्रातून जखाऊला निघून गेला तर किनारा कोरडा ठेवतो, आणि आजच्यासारखा किनाऱ्यालगत राहिला तर मान्सूनला हाताला धरून वर आणतो.

हर्णे_बंदर | २४ मे, दुपारी २:३०

उत्तर. आता वायव्येकडे झुकतोय.

ढगवेडा_कोथरूड | २४ मे, दुपारी ३:१०

साडेअकरा ते साडेबाराच्या दरम्यान रत्नागिरी आणि दापोलीच्या मध्ये किनारा ओलांडला, डिप्रेशन म्हणूनच. हर्णेच्या झावळ्यांनी बुलेटिनशी बरोबर जुळवून घेतलं.

पारा_पडला | २४ मे, दुपारी ४:१५

चारची नोंद: कालपेक्षा आणखी खाली. पण पुण्यात म्हणावा तसा पाऊस नाही काका! आभाळ भरलेलं, मध्येच सर, परत थांबतं. वादळ एवढं जवळ आणि आपल्याकडे भुरभुर? ताम्हिणी घाटात तरी धो-धो पाहिजे होता.

जुना_निरीक्षक | २४ मे, दुपारी ४:५०

गॅलरीत जाऊन वारा बघा. पूर्वेचा असेल. आपण केंद्राच्या उत्तरेला आहोत. घाटमाथा पाऊस देतो तो पश्चिमेचा वारा समोरून येऊन चढला तर. आत्ता तसा वारा केंद्राच्या दक्षिणेला आहे, म्हणजे सिंधुदुर्ग, गोवा, कोल्हापूरचा घाट. ताम्हिणीला वारा पाठीमागून लागतोय, उतरणीचा. पन्नास-साठ किलोमीटर इकडे-तिकडे झालं की एका जिल्ह्याचा पूर दुसऱ्याची भुरभुर होते. केंद्र पूर्वेकडे सरकलं की आपल्याकडेही वारा फिरेल.

पाव्हणं, आज रात्र ते उद्या रात्र सांभाळा.

मिनूची_आई | २४ मे, रात्री ११:२०

साडेसातला अशी सर आली की हॉलच्या पत्र्यावर भाषण ऐकू येईना. सासरे खूश, भाषण त्यांच्या मेहुण्यांचं होतं. बिल रद्द.

सूस_खिंड | २५ मे, संध्याकाळी ५:४०

बारामतीच्या बातम्या बघताय का? नीरा डावा कालवा फुटलाय, घरांत पाणी, एनडीआरएफची तुकडी गेली आहे. दौंड, इंदापूर सगळीकडे झोडपलंय. पुणे जिल्ह्याचा दुष्काळी पूर्व पट्टा मेमध्ये पाण्यात! आणि नाव नाही, गाव नाही, साधा विरत चाललेला कमी दाब. परवा 'शक्ती'चे मेसेज पुढे ढकलणारे आज एकही मेसेज टाकत नाहीयेत.

@पाटसचा_पाव्हणा, ठीक आहात का?

ढगवेडा_कोथरूड | २५ मे, संध्याकाळी ६:१५

हेच कारण आहे की मी पहिल्या दिवसापासून नावाच्या मागे लागू नका म्हणतोय. वर्गवारी वाऱ्यावर ठरते. पाऊस ठरतो बाष्प किती, सिस्टीम सरकते किती सावकाश आणि तुम्ही तिच्या कुठल्या अंगाला आहात यावर. जोराचा वारा झाडं पाडून दोन तासांत निघून जातो. रेंगाळणारा कमी दाब एकाच ओढ्यावर दिवसभर पडतो, आणि ज्या गावात ओढ्यांच्या पात्रात घरं झालीत तिथे पुढचं सांगायला नको. बातमीच्या पट्टीला मात्र डिप्रेशन हा शब्द विकत नाही.

मान्सून आज तळकोकणात देवगडपर्यंत आला.

पाटसचा_पाव्हणा | २६ मे, सकाळी ८:५०

ठीक आहे मंडळी. फोन बंद होता, लाइट नव्हती. निम्म्याच्या वर कांदा शुक्रवारपर्यंत वखारीत घेतला होता. बाकीचा ढीग केला, ताडपत्री, चर. चर भरून वाहिला पण पाणी ढिगाच्या खाली शिरलं नाही. कडंचा थोडा गेला. शेजारच्या रानात लोकांचा कांदा वाफ्यात तरंगत होता, वादळ कोकणात म्हणून झोपलेले. भाव आधीच पडलेला, त्यात हे. पंचनामे कवा होतील ते बघू.

काका, चराचं लई उपकार.

ढगवेडा_कोथरूड | २६ मे, दुपारी २:००

घ्या. मान्सून मुंबईत आणि पुण्यात दाखल. पुण्याची नेहमीची तारीख १० जून. मुंबईत तर गेल्या पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर कधी आला नव्हता.

आज दिल्लीत 'भारत फोरकास्ट सिस्टीम' या नव्या हवामान मॉडेलचं उद्घाटन झालं, पण बनलीय ती आपल्या पाषाणला, आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत. ६ किलोमीटरची जाळी (नकाशाचा एकेक चौकोन एवढा), आधीची १२ ची होती. ती अर्क नावाच्या महासंगणकावर चालते.

सूस_खिंड | २६ मे, दुपारी २:२०

सहा किलोमीटर म्हणजे बाणेर आणि कोथरूडला वेगळा अंदाज मिळणार?

जुना_निरीक्षक | २६ मे, दुपारी ३:००

बाणेर-कोथरूड सोडा. १२ च्या चौकोनात घाटमाथ्याची धार आणि तिच्या पायथ्याचं गाव एकाच सरासरीत जायचं. ताम्हिणीत वर्षाला हजारो मिलिमीटर, आणि सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरवर दौंडला पाचशेच्या आत. ही उतरंड मॉडेलला दिसायला जाळी बारीकच लागते. तरी दुपारचा गडगडाटी ढग कुठे उठेल हे सहाच्या जाळीलाही सहज पकडता येणार नाही, तो ढगच कधीकधी तेवढा असतो. एक पावसाळा बघू आणि मग बोलू. उद्घाटनाच्या दिवशी मी कुठल्याच यंत्राबद्दल मत देत नाही.

पाटसचा_पाव्हणा | २८ मे, सकाळी ७:१५

आणि एक विचारायचं राहिलं. रान भिजलंय, वाफसा चार दिवसात येईल. रोहिण्या अशा बरसल्या कधी बघितल्या नाहीत. गावात निम्मे लोक बाजरी पेरायला निघालेत, मान्सून आला म्हणून. पेरू का?

जुना_निरीक्षक | २८ मे, सकाळी ९:३०

थांबा. मान्सून इथवर धावत आला तो या कमी दाबाच्या जोरावर. तो जोर आता ओसरतोय. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पश्चिमेचे वारे कमजोर दिसताहेत, पूर्व पट्ट्यात उघडीप लांबू शकते. ओल वरची आहे. ती उगवण करून देईल, पण त्यानंतर आठ-पंधरा दिवस ऊन तापलं तर कोंब जळेल आणि दुबार पेरणी बोकांडी बसेल. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरा असं सांगतात, पण तो नियमही पुढे पाऊस चालू राहणार हे धरून आहे.

नांगरट, पाळी, जे करायचं ते या ओलीवर करून घ्या. चाड्यावर मूठ इतक्यात धरू नका.

पाटसचा_पाव्हणा | २८ मे, सकाळी ९:५०

बी आणलेलं आहे, पिशवी फोडली नाही. घरात म्हातारा ऐकत नाही, त्याला तुमचं वाचून दाखवतो. मृगापर्यंत थांबतो, मग परत विचारीन.

ढगवेडा_कोथरूड | २८ मे, सकाळी १०:०५

मृग ८ जूनला लागतोय. त्या दिवशी सकाळचे रन आले की इथेच टाकतो, दौंड-बारामतीचं वेगळं काढून. पारा_पडला, तुमची चारची नोंद थांबवू नका.